खेळण्याची फी

शिक्षण मोफत असावें कीं नसावें, हा वाद आपल्याकडे निदान कायद्यापुरता मिटला आहे. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शेजारच्या शाळेंत प्राथमिक शिक्षण फुकट मिळण्याचा अधिकार दिला. आणि जी फी किंवा जो खर्च मुलाच्या शिक्षणाच्या आड येईल तो त्याच्यावर बसवितां कामा नये, असेंहि त्यांत स्पष्ट म्हटलें. त्याच कायद्यास जोडलेल्या परिशिष्टांत शाळेस काय काय असलें पाहिजे याची यादी आहे. वर्गखोल्या, पिण्याचें पाणी, स्वच्छतागृहें आणि ग्रंथालय यांच्या पंक्तीस तेथें क्रीडांगण बसविलेलें आहे, आणि खेळाच्या साहित्यासहि निराळें पान वाढलेलें आहे. कायदा करणारांनीं खेळ हा शिक्षणाचाच भाग धरला होता, हें यावरून उघड होतें. परंतु शाळेस क्रीडांगण असणें निराळें, आणि त्या क्रीडांगणावरून उठून दुसऱ्या शाळेच्या मुलांशीं सामना देण्यास जाणें निराळें. त्या जाण्याचा खर्च कोणीं सोसावयाचा, हें ती यादी सांगत नाहीं. आणि जेथें कायदा बोलत नाहीं तेथें वहिवाट बोलूं लागते. आजची वहिवाट अशी कीं, ज्याचें मूल त्यानें तो खर्च सोसावा. ही वहिवाट न्याय्य आहे काय, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेतला आहे.

आपल्या शालेय क्रीडास्पर्धा म्हणजे एक जिना आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्र अशा त्याच्या पायऱ्या. खालच्या पायरीवर खर्च थोडा दिसतो: प्रवेशफी, शाळेच्या नांवाची बनियन, बूट, दिवसाचें जेवण. पण बीडचा किंवा पाटोद्याचा मुलगा जिल्ह्यांत पहिला येऊन विभागीय सामन्यांकरितां छत्रपती संभाजीनगरास निघाला म्हणजे त्यांत एस.टी.चें भाडें आणि मुक्काम हीं दोन्हीं येऊन मिळतात. खासगी शाळांतून तर वार्षिक फींतच ‘क्रीडाशुल्क’ हें सदर आधीं असतें. तें भरूनहि मुलाची संघांत निवड झाली कीं पोषाखाचे, शिबिराचे आणि संध्याकाळच्या प्रशिक्षकाचे पैसे निराळे. हीं सदरें वर्षागणिक वाढत आहेत, हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. जूनच्या पहिल्या पंधरवड्यांत तीं त्यांनीं स्वतःच भरलेलीं असतात. पगारदार घरांत त्यामुळें कुरकुर होते, क्वचित् धाकट्या मुलीचा चित्रकलेचा वर्ग बंद होतो, आणि प्रकरण तेवढ्यावर संपतें.

परंतु बीड जिल्ह्यांत सगळींच घरें पगारदार नाहींत. या जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास लाखों माणसें ऊस तोडण्यासाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. नवराबायकोच्या जोडीस तेथें ‘कोयता’ म्हणतात. हत्याराचें नांव माणसास मिळालें आहे, यांतच बरेंच आलें. हंगामापूर्वीं मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि मग ती अंगमेहनतीनें फेडीत राहावयाचें, असा हा व्यवहार. जानेवारी २०२४ मध्यें तोडणीच्या दरांत चौतीस टक्के वाढ झाली, तरी तो दर टनास पावणेचारशें रुपयांच्या आंतच राहिला. दोन माणसें दिवसभर राबून दोन टनांच्या आसपास ऊस तोडतात. म्हणजे धांवण्याच्या साध्या बुटांचा एक जोड घ्यावयाचा तर त्या घरास दोन-तीन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून गाडींत भरावा लागतो. फीच्या पावतीवर मात्र टन छापलेले नसतात; तेथें सर्वांस एकच आंकडा असतो, आणि सर्वांस एकच आंकडा म्हणजे समता, असें आपण समजून चालतों.

पैशाहून वाईट आहे तें वेळापत्रक. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या स्पर्धा बहुधा पावसाळ्यांत व त्याच्या अखेरीस होतात. वरच्या पायऱ्या दिवाळीच्या मागेंपुढें येतात. म्हणजे मुलगी जिना चढूं लागते त्याच वेळीं तिचे आईबाप गांव सोडूं लागतात. हंगामी वसतिगृहें आहेत. २०२१ सालापासून संत भगवानबाबांच्या नांवानें ऊसतोड कामगारांच्या मुलांकरितां सरकारी वसतिगृहांची योजनाहि आहे. आणि त्यामुळें कांहीं मुलें मागें राहून शिकतात, हें चांगलेंच झालें. पण संमतिपत्रावर सही करावयास आणि वाटखर्चाचे पैसे हातावर ठेवावयास जें माणूस लागतें, तें त्या वेळीं सांगलीच्या नाहीं तर बेळगांवच्या फडांत असतें. आणि एका घरांत मुलगा व मुलगी अशीं दोघेंहि धांवणारीं असलीं, तर पैसे कोणासाठीं निघतील, हें आम्हीं लिहिण्याची गरज नाहीं.

फी घेणारांची बाजू अगदींच टाकाऊ आहे असें मात्र म्हणतां येत नाहीं. पंचास मानधन द्यावें लागतें, मैदान आंखावें लागतें, चेंडू फाटतात, जाळीं कुजतात. अशा स्थितींत ज्यांस लाभ त्यांनीं भार उचलावा, असें ते म्हणतात, आणि गरिबांस सूट देऊं असेंहि पुढें जोडतात. हा शेवटला मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सुशिक्षितांचें समाधान बहुतेक येथेंच होतें. आपल्या वडीलपिढीस ‘नादारी’ हा शब्द परिचयाचा होता. गरीब विद्यार्थ्याची फी माफ व्हावयाची, पण त्याकरितां त्यानें अर्ज करावयाचा, दाखला आणावयाचा, आणि हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभें राहावयाचें. त्या नादारीवर कित्येक मोठीं माणसें शिकलीं. तेव्हां तिची निंदा करणें कृतघ्नपणाचें होईल. तथापि नादारी ही फीचीच धाकटी बहीण आहे. हक्क मागावा लागत नाहीं. नादारी मागावी लागते, आणि ती मागणारा बारा-तेरा वर्षांचा असतो. ‘ज्यांना परवडत नाहीं त्यांनीं हात वर करा’ असें सर्वांसमोर विचारलें असतां जे हात वर जातात त्यांच्यापेक्षां न जाणारे हात आम्हांस अधिक अस्वस्थ करतात. तीं मुलें ‘मला खेळायचेंच नाहीं’ असें म्हणून मोकळीं होतात, आणि शाळेच्या दृष्टीनें त्यांना खेळाची आवड नाहीं असें ठरतें.

हाच प्रश्न अमेरिकेंत न्यायालयापर्यंत गेला होता. कॅलिफोर्निया राज्यांत १९७८ सालीं लोकमतानें मालमत्तेवरील कर उतरविला गेला, शाळांचें उत्पन्न घटलें, आणि सांता बार्बारा येथील शाळामंडळानें खेळ, संगीत व नाटक यांत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रत्येक उपक्रमामागें पंचवीस डॉलर फी बसविली. गरजूंस माफीची सोय होतीच. तरीहि ‘हार्टझेल विरुद्ध कॉनेल’ या खटल्यांत त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं ती फी राज्यघटनेच्या विरुद्ध ठरविली. निकालाचा आशय असा कीं, या गोष्टी शिक्षणाचाच भाग आहेत, मोफत शाळेचें अभिवचन सर्वांना दिलेलें आहे, आणि गरिबांस माफी दिल्यानें तें पाळलें असें होत नाहीं. अर्थात् निकालानें पैसा उत्पन्न होत नाहीं. त्या देशांतील इतर अनेक राज्यांत अशी फी आजहि घेतली जाते. परंतु प्रश्न निदान नीट मांडला गेला.

येथवर आम्ही फी न देऊं शकणाऱ्याच्या बाजूनें बोललों. पण जो फी भरतो त्याचीहि यांत फसवणूक आहे, आणि ती आमच्या वर्गाच्या ध्यानांत अजून आलेली दिसत नाहीं. खेळास शिक्षणांत जागा कां द्यावी? केवळ शरीर बळकट करावयाचें असेल तर तें विहिरीचें पाणी शेंदूनहि होईल. प्लेटोनें आपल्या ‘रिपब्लिक’ ग्रंथांत व्यायामाचा खरा हेतु आत्म्याचें शिक्षण हाच सांगितला आहे. आमच्या मतें स्पर्धेपासून मुलास मिळणारें मुख्य शिक्षण हें कीं, आपण खरोखर किती आहोंत तें त्यास कळतें. पेपर नीट तपासला नाहीं असें परीक्षेनंतर म्हणतां येतें. शंभर मीटर धांवल्यावर तसें कांहीं म्हणतां येत नाहीं. मात्र ही परीक्षा खरी ठरण्यास एक अट आहे. ज्यास धांवतां येतें त्यास आरंभरेषेवर उभें राहतां आलें पाहिजे. ती रेषा जर फीनें आधींच झाडून घेतली, तर पहिला आलेला मुलगा कोणाच्या पुढें पहिला आला?

इंग्लंडांत एके काळीं हें झाडण्याचें काम उघड नियमानेंच होत असे. थेम्स नदीवरील हेन्लेच्या प्रसिद्ध नौकास्पर्धेंत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, हातानें कष्ट करून पोट भरणाऱ्या कारागिरास व मजुरास प्रवेश नव्हता. १९२० सालीं अमेरिकेच्या जॉन केली याचा अर्ज तेथें नाकारला गेला. त्याच्या क्लबावर जुनी बंदी होती, आणि शिवाय तो गवंडीकाम केलेला होता. एकट्यानें वल्हविण्याची ती शर्यत त्या वर्षीं इंग्लंडच्या जॅक बेरेस्फर्डनें जिंकली. पुढें त्याच उन्हाळ्यांत अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्यें हे दोघे अंतिम शर्यतींत समोरासमोर आले, आणि गवंडी पुढें गेला. बेरेस्फर्ड कांहीं सामान्य वल्हेकरी नव्हता; नंतर त्यानेंहि ऑलिंपिकचीं सुवर्णपदकें मिळविलीं. पण हेन्लेचा पेला हातांत घेतांना आपण कितवे आहोंत, हें त्यास कळलें नव्हतें. तें कळावयास अँटवर्पला जावें लागलें. आपल्या दिवाणखान्यांच्या कपाटांतील कित्येक पेले याच जातीचे आहेत. त्यांच्या मालकांच्या वाटेंत अँटवर्प येत नाहीं, इतकेंच.

मराठी मुलखाची जुनी रीत तर याच्या उलट होती. जत्रेच्या कुस्त्यांत पैलवान फी भरीत नसे. इनाम गांव देत असे. लहान पोरांच्या कुस्त्या आधीं रेवड्यांवर किंवा नारळावर लागत, मग बक्षिसाचा आंकडा चढत चढत शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत जाई. आणि हा पैसा बहुधा वर्गणीचा असे. मराठवाड्यांत अनेक गांवीं हे फड अजूनहि भरतात. त्यांत पैसा कोणीकडून कोणीकडे जातो, हें पाहण्यासारखें आहे: पाहणारा देतो आणि लढणारा घेतो. त्या फडास आम्ही रामराज्य समजत नाहीं. मुलींस तेथें जागा नव्हती, आणि गांवकुसाबाहेरच्या पोरास ती सर्वत्र होती, असेंहि छातीवर हात ठेवून कोणी म्हणणार नाहीं. पण पोरें खेळतात म्हणून गांवानें त्यांचें देणें लागावें, एवढी समज त्यांत होती. आणि कबड्डी, खोखो यांसारख्या खेळांस साहित्य जवळजवळ लागतच नसल्यामुळें ती समज गरीब गांवासहि परवडत होती.

‘हिरा कोठेंहि चमकतो’ असें यावर उत्तर मिळतें, आणि बीडचींच उदाहरणें पुढें केलीं जातात. आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवचे अविनाश साबळे हे शेतकरी व वीटभट्टीवर राबणाऱ्या घरचे. त्यांनीं तीन हजार मीटरच्या स्टीपलचेस शर्यतींत २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत रौप्यपदक आणि २०२३ सालीं हांगझोउच्या आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें, आणि २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें अंतिम फेरी गांठली. पाटोद्याचे मल्ल राहुल आवारे यांनीं २०१८ सालीं राष्ट्रकुल स्पर्धेंत सुवर्णपदक आणि २०१९ सालीं जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक पटकाविलें. या दोघांचा अभिमान कोणास वाटणार नाहीं? परंतु साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्यें दाखल झाले, आणि त्यांचें धांवणें लष्करानें पोसलें. आवारे यांस पुण्याच्या तालमींत जाऊन राहावें लागलें. २०२४ सालच्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत ९६ धांवा काढणारा बीडचा सचिन धस याचे आईवडील सरकारी नोकरींतले. यानें कोणाच्याहि श्रमाचें मोल तिळभर कमी होत नाहीं. पण लष्कर, तालीम किंवा पगार, यांपैकीं कांहींतरी प्रत्येकाच्या पाठीशीं होतें. आणि ज्याच्या पाठीशीं यांतलें कांहींच नाहीं त्याचें नांव आपल्या उदाहरणांत येण्याचा संभवच नसतो.

खाशाबा जाधवांची गोष्ट तर शाळाशाळांतून सांगितली जाते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लास १९५२ सालीं हेलसिंकीस जावयाचें होतें आणि जवळ पैसे नव्हते. लोकांनीं वर्गणी दिली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आणि स्वतंत्र भारतास ऑलिंपिकमधील पहिलें वैयक्तिक पदक मिळालें. प्राचार्य आमच्याच व्यवसायांतले, म्हणून ही गोष्ट सांगतांना आमची छाती अंमळ फुगते. पण ती सांगून संपली कीं एक विचार राहतो: त्या वर्षीं त्या कॉलेजास दुसरा प्राचार्य असता तर? खर्डेकरांच्या थोरवीचें कौतुक करण्याच्या भरांत त्या थोरवीची गरज कां पडली, हें आपण विचारीत नाहीं, आणि सत्तर वर्षांनंतरहि एखाद्या क्रीडाशिक्षकानें स्वतःच्या खिशांतून मुलांचें एस.टी.चें तिकीट काढलें कीं आपण त्याचा सत्कार करून मोकळे होतों.

करावयाचें आहे तें फार अवघड नाहीं. तालुका आणि जिल्हा या दोन पायऱ्यांवर कोणाहि मुलाकडून, श्रीमंताच्या मुलाकडूनहि, पैसा घेऊं नये. हा खर्च जिल्हा नियोजनाच्या निधीस न झेपण्याजोगा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. शाळेची लेझीम शाळेची असते, ती कोणी मुलास घरून आणावयास सांगत नाहीं. संघाचे बूट आणि बनियनहि तशींच शाळेचीं असावींत. ज्यांस देण्याची ऐपत व इच्छा आहे त्यांनीं शाळेच्या क्रीडानिधीस द्यावें, पावतीवर आपल्या मुलाचें नांव न घालतां द्यावें. आणि पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या सभेंत, फी यंदा किती वाढली हें विचारण्यापूर्वीं, गेल्या वर्षीं किती मुलांनीं स्पर्धेस नांवच दिलें नाहीं आणि त्यांत मुली किती, हें कोणीतरी विचारावें. शाळेच्या दप्तरांत हा आंकडा बहुधा सांपडणार नाहीं. तर तो यंदापासून ठेवावयास लावावा. आणि वर्गशिक्षकानें तो एकेका मुलास बाजूस घेऊन, दिवाळीपूर्वीं, आईबाप गांवांत आहेत तोंवरच गोळा करावा.