परक्या श्रद्धेचा स्वर

नाताळपूर्वीच्या एखाद्या संध्याकाळी बंगळूरच्या राजाजीनगरात कुणा ख्रिस्ती गृहस्थाच्या घरी वीस-पंचवीस माणसे गाण्यासाठी जमली आहेत, अशी कल्पना करावी. बैठक घरगुती, साथीला गिटार, गाण्यांची छापील प्रत दोघांत एक. कन्नड, तमिळ, इंग्रजी गीते आळीपाळीने चालली आहेत. शेजारचे एक मराठी हिंदू कुटुंबही आले आहे. चाल ओळखीची आहे, आग्रह मनापासूनचा आहे. ओळ मात्र तारणारा जन्मल्याची ग्वाही देणारी आहे. ज्याचा त्या ग्वाहीवर विश्वास नाही, त्याने ती गावी काय?

‘गाणे ते गाणेच’ हे उत्तर सोयीचे आहे आणि म्हणूनच संशयास्पद. त्यात पाहुण्याची सुटका होते खरी, पण यजमानाची उपासना करमणुकीच्या पातळीवर उतरते. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार दुभंगला. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. टिळकांची ख्रिस्ती भजने त्या फारकतीच्या पलीकडून आलेली आहेत. एवढे मोल देऊन कुणी उच्चारलेले शब्द केवळ चाल गोड आहे म्हणून ओठांवर घेणे, यात नकळत का होईना, एक हलकेपणा आहे.

मराठी भक्तिकाव्याने या पेचातून एक वाट काढून ठेवली आहे. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते. टाळकरी ‘तुका म्हणे’ म्हणतो, तेव्हा तुकोबांचा अनुभव आपला असल्याचा दावा तो करत नाही. त्या अनुभवाला तो साक्ष राहतो. टिळकांनीही ‘दास म्हणे’ ही मुद्रा स्वीकारली, हे अर्थपूर्ण आहे. नाताळगीताला अशी मुद्रा नसते. तेथे बहुधा ‘आम्ही’ असतो, आणि हा ‘आम्ही’ गाणाऱ्याला न विचारताच आपल्यात ओढून घेतो. तेव्हा पाहुण्याने मनोमन मुद्रा जोडावी: ‘माझा शेजारी म्हणे’. मनातली मुद्रा ऐकणाऱ्याला कशी कळणार, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ही बैठक अनोळखी माणसांची नव्हे. पाहुणा कोण, हे यजमान वर्षानुवर्षे जाणतो. ती ओळखच मुद्रेचे काम करते. चर्चमधील विश्वासांगीकाराच्या वेळी ही सवलत घेता येणार नाही.

(ज्यांच्या नावाने ही वसाहत ओळखली जाते, त्या राजगोपालाचारींनी स्वतः एक इंग्रजी प्रार्थनागीत लिहिले होते. हँडेल मॅन्युएल यांनी त्याला चाल दिली आणि १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी ते संयुक्त राष्ट्रसंघात गायिले.)

न गाण्याचाही विचार करावयास हवा. केरळमधील यहोवाच्या साक्षीदारांच्या पंथातील तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांना शाळेतून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८६मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. मौन म्हणजे अनादर नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. जे राष्ट्राला मान्य करावे लागले, ते दिवाणखान्यात अवघड वाटू नये. तरीही तेथेच ते अधिक अवघड जाते, कारण तेथे कायदा नसतो, स्नेह असतो, आणि स्नेहाला मौन चटकन टोचते.

भाद्रपदात तोच शेजारी मराठी घरी गणपतीला येतो. आरती सुरू होते. तो हात जोडून उभा राहतो, टाळी मात्र वाजवत नाही. आरतीचे तबक फिरत फिरत त्याच्यासमोर येते, आणि क्षणभर सर्वांच्या नजरा त्याच्या हातांकडे वळतात.