आधी ऐकावे, मग खोलावे

शास्त्रपाठ : १ शमुवेल १:९-१८



शिलो येथील मंदिराच्या दाराशी एली याजक आसनावर बसला होता. हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करीत होती. तिचे ओठ हलत होते, पण शब्द कानी पडत नव्हता. एलीने ओठ पाहिले आणि ही बाई प्यालेली आहे असा निकाल देऊन टाकला. एली काही दुष्ट मनुष्य नव्हे. पुष्कळ वर्षे याजकपण केलेला, नाना तऱ्हेची माणसे पाहिलेला असा तो वृद्ध होता. त्याने जे पाहिले तेही खरेच होते. पण एका लक्षणाला दोन कारणे असू शकतात हे त्याच्या ध्यानात आले नाही, आणि विचारण्याआधी तो बोलला.

या भागावर मनन करीत असता आम्हांस एका जुन्या बुलेट मोटरसायकलीची हकिकत सांगावीशी वाटते. शास्त्रपाठ कोठे आणि इंजिन कोठे, असे कित्येक वाचक म्हणतील. परंतु आमचे पुष्कळ उपदेशक आजही चार-पाच गावांच्या मंडळ्या दुचाकीवरूनच सांभाळतात, आणि गाडी दारात उभी राहिली की उपासनाही राहते, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे.

ही गाडी जुन्या लोखंडी इंजिनाची, ३५० जातीची. या गाड्यांची जोडणी मद्रासेस १९५५ साली सुरू झाली, आणि २०१० च्या सुमारास लोखंडी इंजिन बंद होईपर्यंत त्याच्या रचनेचा गाभा फारसा बदलला नाही. ७० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात ९० मिलिमीटर धाव घेणारा एकच पिस्टन. त्याखाली कनेक्टिंग रॉड व क्रँक. उजव्या अंगाला कॅम, टॅपेट व दोन उभे पुश रॉड. डाव्या अंगाला प्रायमरी चेन व क्लच. असे इंजिन मुके कधीच नसते. थंडीच्या सकाळी पिस्टन किंचित खडखडतो आणि तापल्यावर शांत होतो. ते वयाचे लक्षण आहे, रोगाचे नव्हे. म्हणून आवाज येतो की नाही हा प्रश्नच नाही. नेहमीच्या आवाजात नवा आवाज कोणता मिसळला, हे ओळखता आले पाहिजे.

गोदाकाठच्या एका गावी मंडळीच्या अशाच गाडीतून टक् टक् असा आवाज येऊ लागला. गाडी बिघडली की गावात मिस्त्री उगवतात! एकाने टॅपेट म्हटले, दुसऱ्याने पिस्टन म्हटले, तिसऱ्याने गाडी विकून टाकण्याचा सल्ला दिला. अखेर तालुक्याच्या एका कारागिराने दुरूनच कान देऊन सांगितले की, बिग एंड गेला. म्हणजे कनेक्टिंग रॉडचे जे टोक क्रँकला बसते तेथील बेअरिंग झिजले. आवाज चढावर वाढतो, हा त्याचा पुरावा. इंजिन पूर्ण खोलावे लागेल असे ठरले व वर्गणी सुरू झाली. शेतमजुरी करणाऱ्या विधवांनीही आपापले पैसे आणून दिले.

पण बिग एंड जातो कशाने? बहुधा ऑइल कमी पडल्याने. मग गाडी कोण चालवीत होते? मंडळीचा तरुण उपदेशक. झाले! त्याने ऑइल न पाहता गाडी पळवली, असे आधी कुजबुजीत व मग पंचांच्या बैठकीत उघड बोलले जाऊ लागले. त्या तरुणाने त्या महिन्यात धाकट्या वस्तीवरची उपासना चालत जाऊन घेतली. बोलला मात्र काही नाही. आमच्या मते अशा वेळी गप्प राहणाऱ्याला लोक लवकर दोषी धरतात. हन्नेच्या बाबतीतही हेच झाले.

इंजिन खोलण्याकरिता शेजारच्या गावचा एक वृद्ध मिस्त्री बोलावला होता. त्याने पाना हाती घेतलाच नाही. गाडी कोण चालवतो, असे विचारून त्या तरुणालाच पुढे बोलावले आणि म्हणाला, “बाळा, आवाज पहिल्यांदा कधी ऐकलास ते सांग.” इतक्या दिवसांत हे त्याला कोणी विचारलेच नव्हते. तरुणाने सांगितले की, खडी टाकलेल्या रस्त्याने जाऊन आल्यावर आवाज सुरू झाला. सकाळी पहिला मैलभर फार वाजते, चढावर अधिक वाजते, आणि इंजिन चांगले तापले की कमी होते.

मिस्त्रीने मान हलवली. तापल्यावर ऑइल पातळ होते, म्हणून झिजलेल्या बेअरिंगचा ठोका तापल्यावर बहुधा वाढतो. हा तर कमी होत होता. त्याने ऑइलची पातळी पाहिली. ती बरोबर होती. मग गाडी सुरू करून, लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावली. हे गरिबाचे स्टेथोस्कोप होय. खाली क्रँकपाशी ठोका नव्हता. क्लचचा दांडा दाबून पाहिला. आवाज बदलला नाही, म्हणून क्लचचाही संशय गेला.

मग तो नुसता ताल मोजीत बसला. इंजिन चार धावांचे असल्याने क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. क्रँकशी जडलेला दोष बहुधा प्रत्येक फेऱ्याला बोलतो. टॅपेट-व्हॉल्व्हचा दोष दोन फेऱ्यांना एकदा. हा आवाज संथ तालाचा, म्हणजे दोन फेऱ्यांना एकदा येणारा होता. तेव्हा टॅपेट म्हणणाऱ्याने चटकन मान ताठ केली. मिस्त्रीने इंजिन थंड होऊ दिले, उजव्या बाजूचे लहान झाकण काढले, पिस्टन दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा माथ्यावर आणला आणि पुश रॉड बोटांनी फिरवून पाहिले. दोन्ही मोकळे फिरत होते, वर-खाली हालत मात्र नव्हते. या इंजिनाला असेच पाहिजे. टॅपेटही निर्दोष ठरले.

त्याच तालाने बोलणारी आणखी एक जागा आहे, ती लोक विसरतात. जळलेला वायूही दोन फेऱ्यांना एकदाच बाहेर पडतो. मिस्त्रीने गाडी सुरू करून सायलेन्सरच्या तोंडाशी ओला फडका क्षणभर दाबून धरला. त्याबरोबर टक् टक् वाढले आणि सिलिंडरपाशी, जेथे सायलेन्सरची नळी बसते, तेथून फुस् फुस् ऐकू आले. सांध्याभोवती काजळीची काळी रेघ होती. नळीला चौकटीशी धरणारा एक नट खडीच्या रस्त्यावर हादरून पडला होता व नळी ढिली झाली होती. तापल्यावर धातू फुगून फट भरे, म्हणून आवाज कमी होई. चढावर वायूचा जोर वाढे, म्हणून तो वाढे. सांधा घासून, उष्णता सोसणारा लेप लावून, नवा नट आवळला. काम अर्ध्या तासाचे. ऑइलचा याच्याशी काही एक संबंध नव्हता.

येथे एक सूचना केल्यावाचून आम्हांस राहवत नाही. ही हकिकत वाचून प्रत्येक आवाज नळीवर ढकलू नये. खोलवरून, घणासारखा, तापल्यावर व ओझ्याखाली वाढणारा ठोका आला तर गाडी तेथेच बंद करावी. घर दोन मैलांवर असले तरी ढकलत न्यावी. तो खरोखर बिग एंड असला तर पुढच्या दोन मैलांत क्रँककेसही फुटू शकते. ऐकून घेणे म्हणजे दोष नाहीच असे समजणे नव्हे. एलीच्या पुत्रांचे दोष त्याच्या कानांवर लोकांनी घातले होते. तेथे त्याने नुसते शब्दांनी बजावले व पुढे काही केले नाही, हे त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. एका माणसाने एकीकडे घाई केली आणि दुसरीकडे ढिलाई. आमच्या मंडळ्यांतही परक्याच्या दोषाविषयी कान तीक्ष्ण आणि घरच्याविषयी बहिरे असे पुष्कळदा आढळते.

तथापि हन्नेचे उत्तर ऐकल्यावर एली आपल्या शब्दाला चिकटून राहिला नाही. त्याने तिला शांतीने जाण्यास सांगितले. ते सतराव्या वचनात आहे. त्या गावच्या पंचांनी वर्गणी ज्याची त्याला परत केली, प्रथम विधवांची. आणि बैठकीत जो सर्वांत मोठ्याने बोलला होता तो वडील त्याच संध्याकाळी त्या तरुणाच्या घरी एकटा चालत गेला. ते दोघे काय बोलले हे आम्ही विचारले नाही.