नाण्यावरचं साल

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात एक परदेशी नाणं असतं. चांदीचं, चांगलं जाडजूड. एका बाजूला डोक्यावरून पदर घेतल्यासारखी भरदार अंगाची बाई, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड आणि साल १७८०. आजोबा सांगायचे, आपल्या एका पूर्वजाला पेशव्यांनी हे इनाम दिलं. १७८० म्हणजे सवाई माधवरावांचा काळ, त्यामुळे हिशोब जुळायचा. पेशव्यांच्या इनामावर रोमन अक्षरं कशी, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही. मीही कॉलेजात ही गोष्ट सांगून भाव खाल्लाय.

गेल्या दिवाळीत मी नाण्याचा फोटो काढून इमेज सर्च केलं. दोन मिनिटांत नाव मिळालं: मारिया थेरेसा थालर. बाई म्हणजे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, २८ ग्रॅम. तेही जुळलं. जुळलं नाही ते फक्त साल.

मारिया थेरेसा १७८०च्या नोव्हेंबरमध्ये वारली, पण तिचं नाणं थांबलं नाही. तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर, अरबस्तानात आणि इथिओपियात, व्यापाऱ्यांचा याच नाण्यावर विश्वास बसला होता. ते बाईच्या ब्रोचवरचे मोती मोजून घेत. नक्षीत जरा फरक दिसला की नाणं परत. त्यामुळे पुढच्या टांकसाळींनी साल बदललंच नाही. १९३५मध्ये इथिओपियावर स्वारी करताना मुसोलिनीने ऑस्ट्रियाकडून या नाण्याचे साचे मिळवले. मग ब्रिटननेही ते पाडायला घेतलं आणि युद्धात, १९४०-४१ साली, मुंबईच्या टांकसाळीत अशी सुमारे १ कोटी ८८ लाख नाणी पाडली गेली. सगळ्यांवर साल १७८०.

पुण्यातल्या एका जाणकाराने भिंगातून गरुडाच्या शेपटीची पिसं बघितली आणि म्हणाला, "मुंबईचं दिसतंय. विकायला जाल तर चांदीच्या भावापेक्षा फार काही मिळणार नाही."

म्हणजे आमचं नाणं खोटं का?

माझ्या धंद्यात असला खोटेपणा रोजचा आहे. तुम्ही आत्ता ज्या ब्राउझरमध्ये हे वाचताय, तो बहुतेक करून प्रत्येक सर्व्हरला आपली ओळख 'मोझिला/५.०' अशीच सांगतो. क्रोमही तेच सांगतो, सफारीही. एके काळी वेबसाइटी नाव बघून आत घ्यायच्या, म्हणून नव्यांनी जुनं नाव लावलं आणि ते कायमचं चिकटलं. याला आम्ही खोटं म्हणत नाही, कम्पॅटिबिलिटी म्हणतो. थालरचंही तसंच. साल चुकीचं, पण चांदी पूर्ण वजनाची. घेणाऱ्याला चांदी हवी होती आणि ती त्याला मिळाली. नाण्याच्या कडेवर लॅटिनमध्ये 'न्याय आणि दया' असं कोरलंय. मला वाटलं, न्याय झाला. प्रश्न संपला.

मग हे सगळं आजीला सांगावं का, यावर आठवडाभर घोळ घातला. शेवटी सांगितलं. ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "ते मामंजींनी आणलं. आफ्रिकेच्या लढाईतून. पेशव्यांचं तुझ्या आजोबांनी काढलं."

पणजोबा मराठा पलटणीत होते. १९४१मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर लढले. तिथे कितीजण शेजारी पडले, हे त्यांनी आजीला एकदाच सांगितलं होतं. युद्ध संपवून ते गावी आले तेव्हा आमच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारचा जोर होता. घराघरातली पोरं भूमिगत, आणि हे इंग्रजांची पेन्शन घेणारे. शाळेत आजोबांना 'गोऱ्याच्या चाकराचा पोरगा' म्हणायचे. आठ वर्षांच्या पोराने मग नाण्यावरचं साल वाचलं आणि त्याला शोभेल अशी गोष्ट रचली.

पहिल्यांदा वाटलं, हीही कम्पॅटिबिलिटीच. गावाच्या बाजारात १९४१ चालत नव्हतं, १७८० चालत होतं. पण हे पटेना. थालरवरच्या खोट्या सालाने खालची चांदी हातोहात पोचवली. आजोबांच्या खोट्या सालाने चांदीच झाकली. त्या गोष्टीत पणजोबांना जागाच नव्हती. केरेनचा डोंगर चढलेला माणूस आमच्या घरातून साठ-सत्तर वर्षं गायब होता, आणि आम्ही त्याच्याच नाण्याला हळदकुंकू वाहत होतो.

लेबल खरं की खोटं, एवढं विचारून भागत नाही. ते लावल्याने आतलं माणसापर्यंत पोचतं की दडपलं जातं, हे बघावं लागतं. आजोबांना मी दोष देत नाही. चिडवणारी पोरंही दुष्ट नसणार, त्यांच्या घरचं कुणी तुरुंगात असेल. पण आजोबा मोठे झाले, देश स्वतंत्र झाला, चिडवणारे म्हातारे झाले, तरी गोष्ट तीच राहिली. आणि ती पुढे चालवणाऱ्यांत मी होतो.

यंदा नाण्याच्या डबीत चिठ्ठी ठेवायचं ठरवलं. मी लिहिलं: 'मुंबईत पाडलं. केरेन, १९४१.' आजीने चष्मा लावून वाचलं आणि कागद परत दिला.

"मामंजींचं नाव कुठाय?"