जे संगणकाला ठाऊक नाही

प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याचे दिवस आले की आम्हाला एक गृहस्थ हटकून आठवतात. २०२५ च्या जुलै महिन्यात ते आमच्याकडे आले होते. प्रायश्चित्त-संस्कारासाठी नव्हे, सल्ल्यासाठी. त्यांच्याच अनुमतीने त्यांची गोष्ट येथे सांगत आहोत.

त्यांची नोकरी चांगली. घरामागे तीन खोल्या बांधून त्यांनी दोन वर्षांपासून भाड्याने दिलेल्या. प्रत्येक खोलीचे दरमहा ५,००० रुपये रोख येत. पगार आणि बँकेचे व्याज यांची नोंद प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात आधीच झालेली होती. खोल्यांचे भाडे मात्र त्यात कोठेच नव्हते. त्यांनी विचारले, "फादर, सरकारला जे ठाऊकच नाही, ते मी लिहिले नाही तर पाप होईल का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जुन्या नीतिशास्त्रज्ञांत असा एक मतप्रवाह होता की, काही कायदे केवळ दंडापुरते असतात. सापडलो तर दंड भरावा, परंतु विवेकबुद्धीवर त्यांचे बंधन नसते. करविषयक कायदे अनेकजण याच वर्गात घालीत. सेमिनरीत हे मत वाचताना आम्हालाही ते सोयीचे वाटले होते. परंतु न्याय्य कर लबाडीने चुकविणाऱ्यांना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट शब्दांत दोष दिला, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात करचुकवेगिरीचा समावेश सातव्या आज्ञेच्या भंगात केला आहे.

गृहस्थांपाशी उत्तरे तयार होती. सरकार पैसा उधळते, रस्त्यांत खड्डे आहेत, शेजारीही असेच करतात. शिवाय वाचलेल्या पैशांतून आपण गोरगरिबांना देतोच. आम्ही म्हणालो, उधळपट्टीचा जाब अवश्य विचारावा. पण आपला हिशेब झाकून दुसऱ्याचा हिशेब कोणत्या तोंडाने मागणार? आणि जे देणेच लागतो, त्यातून केलेला दानधर्म हा दानधर्म कसा? त्यांच्या खोलीत राहणारा बिगारी कामगार साबणाची वडी विकत घेतो, तेव्हा वस्तू व सेवा कर तिच्या किमतीतच भरतो. त्याला काही दडवायला जागाच नाही. त्याच्याच घामातून आलेले भाडे घरमालकाने दडवावे, हे न्यायाला धरून होईल काय?

विवरणपत्राच्या अखेरीस आपण प्रतिज्ञापूर्वक सांगतो की, दिलेली माहिती आपल्या समजुतीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे. 'खरी' हा शब्द पेलणे फारसे कठीण नाही. माणूस अडखळतो तो 'पूर्ण' या शब्दापाशी. संगणकाला जेवढे ठाऊक आहे तेवढेच लिहिणे म्हणजे त्याच्या नोंदींखाली सही करणे होय. त्याला जे ठाऊक नाही, तेथेच आपल्या प्रामाणिकपणाची खरी परीक्षा असते.

मग कागद घेऊन हिशेब मांडला. वर्षाचे भाडे १,८०,००० रुपये. त्यातून भरलेली घरपट्टी वजा करावयाची आणि उरलेल्या रकमेतून ३० टक्के सूट कायदाच देतो. उरते त्यावर कर. बोजा होता, पण मनाने रंगविला होता एवढा नव्हे. आदल्या वर्षीच्या चुकीसाठीही वाट होती. अद्ययावत विवरणपत्र भरण्याची मुदत २०२५ पासून चार वर्षांची झाली आहे. पहिल्या वर्षभरात ते भरल्यास कर आणि व्याज यांवर आणखी २५ टक्के द्यावे लागतात. चूक कबूल करावी आणि भरपाईही करावी, ही रीत आपल्याला काही नवी नाही.

महिन्याभराने ते पावती दाखवायला आले. हसत म्हणाले, "फादर, जकातदार जक्कयाने चौपट परत केले, मी सव्वापटीत सुटलो!" आम्हीही हसलो. परंतु ते गेल्यावर मनात आले, सल्ला देताना आमचे काहीच खर्च झाले नव्हते. घरखर्चातून रक्कम काढावी लागली ती त्यांना. आता त्यांच्याकडून शिकण्याची पाळी आमची आहे.