हनुवटी कुणासाठी?



‘फादर, हनुवटीचं ऑपरेशन करून घेणं पाप आहे का?’ हा प्रश्न आम्हाला दोनदा विचारला गेला. एकदा एका तरुणीने विचारला, एकदा एका मुलाच्या आईने. त्या कोणत्या धर्मग्रामातल्या, हे कुणी शोधत बसू नये. विचारताना दोघींचाही आवाज खाली गेला होता, एवढे मात्र आमच्या लक्षात राहिले. गुडघा बदलायचा असेल तर कुणी असे कुजबुजत विचारत नाही.

ज्यांना या शस्त्रक्रियेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हनुवटी मागे असली की बाजूने पाहताना नाक मोठे वाटते आणि जबड्याची रेषा पुसट होते. अशा वेळी खालच्या ओठाच्या आतून किंवा हनुवटीखाली छोटा छेद घेऊन हाडावर सिलिकॉनचा किंवा तशाच पदार्थाचा तुकडा बसवतात. त्याला इम्प्लांट म्हणतात. गालाच्या हाडावर आणि जबड्याच्या कोपऱ्यांवरही असे तुकडे बसवले जातात. जंतुसंसर्ग होणे, तुकडा सरकणे, खालचा ओठ बधिर होणे, मागचे हाड झिजणे हे यातले धोके आहेत. ते सर्वांना होतात असे नाही, पण डॉक्टरांकडून ते आधी नीट समजून घ्यावेत.

चेहरा दुरुस्त करण्याला ख्रिस्तसभेचा विरोध आहे, असा काहींचा समज दिसतो. तो खरा नाही. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, म्हणजे मृत्यूच्या अवघे पाच दिवस आधी, पोप पायस बारावे यांनी इटलीतील प्लास्टिक सर्जनांपुढे याच विषयावर भाषण केले होते. शरीराचे सौंदर्य ही चांगली गोष्ट आहे, मात्र ती सर्वोच्च नाही, असे त्यांनी सांगितले. हेतू योग्य असेल, प्रकृतीला मोठा धोका नसेल आणि कारण पुरेसे असेल, तर अशी शस्त्रक्रिया देवाच्या इच्छेविरुद्ध नाही. दुसऱ्याला मोहात पाडण्यासाठी, गुन्हेगाराला लपवण्यासाठी किंवा निव्वळ फॅशनच्या लहरीखातर ती करू नये. त्याही आधी, तेराव्या शतकात, संत थॉमस अक्वायनस यांनी स्त्रियांच्या प्रसाधनाविषयी लिहिताना एक बारीक फरक केला होता. नसलेले सौंदर्य आहे असे भासवणे वेगळे आणि आजारामुळे किंवा तशा कारणाने आलेली विद्रूपता झाकणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीत काही गैर नाही, असे त्यांचे म्हणणे.

हा फरक आपल्या मातीला नवा नाही. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचे नाक टिपू सुलतानाच्या सैनिकांनी कापले. पुढे पुण्याजवळ कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करण्यात आले. ते काम करणारा माणूस कुंभार होता, असे सांगतात. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये चित्रासह छापून आली आणि युरोपातल्या शल्यवैद्यांनी त्यापासून धडा घेतला. कावसजीला कुणी ‘देवाने जे ठेवले त्यात समाधान मान’ असे म्हटले असेल, असे वाटत नाही. आजही लहानपणी पडल्यामुळे किंवा कानातला जंतुसंसर्ग पसरल्यामुळे जबड्याचा सांधा आखडलेली मुले आढळतात. त्यांचा खालचा जबडा वाढत नाही, तोंड उघडत नाही, झोपेत श्वास अडकतो. हाड कापून हळूहळू लांबवून डॉक्टर त्यांचा जबडा पुढे आणतात. तिथे घास आणि श्वास मिळतो, चेहराही मिळतो. त्यात पाप कुठे शोधायचे?

खरी अडचण मधल्या जागेत आहे. जेवता येते, श्वास घेता येतो, हाड शाबूत आहे, फक्त हनुवटी चार-सहा मिलिमीटर मागे आहे. अशा वेळी दोन उत्तरे लगेच दिली जातात आणि आम्हाला दोन्ही अपुरी वाटतात. पहिले उत्तर म्हणजे, ‘देवाने दिलेला चेहरा आहे, हात लावू नये.’ हे म्हणणारेच मुलांच्या दातांना तार बसवतात, आणि केस काळे करणाऱ्यांची आपल्या चर्चमध्ये वाण नाही. दुसरे उत्तर, ‘माझं शरीर, माझा पैसा.’ पण शरीर म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढलेली जमीन नव्हे. संत थॉमस यांच्या मते शरीर आणि आत्मा मिळून एकच माणूस होतो. आपल्या चेहऱ्याचे आपण मालक नसतो. तो चेहरा म्हणजे आपणच असतो. म्हणून तो बदलताना ‘परवडते’ एवढे कारण पुरत नाही.

या प्रश्नावर विचार करताना एक साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली. आपला बाजूचा चेहरा आपल्याला स्वतःला दिसतच नाही. आरशासमोर उभे राहिले की समोरचा चेहरा दिसतो. बाजूचा पाहायचा तर दोन आरसे हवेत, फोटो हवा, नाहीतर दुसऱ्याचे डोळे हवेत. हनुवटी मागे आहे ही बातमी माणसाला बहुतेक वेळा बाहेरून कळते. मग ती सांगितली कुणी?

आम्ही त्या तरुणीला हेच विचारले. सहावीत असताना वर्गात तिला एक नाव पडले होते. ते येथे लिहीत नाही, पण वीस वर्षांनीही तिने ते अडखळत सांगितले. नंतर एक स्थळ आले. चहा झाला, मंडळी गेली, आणि दोन दिवसांनी एका मावशीमार्फत निरोप आला की मुलगी समोरून चांगली आहे. फक्त ‘समोरून’. त्या एका शब्दानंतर ती फोटोत मान वळवून उभी राहिलेली नाही.

त्यात आता मोबाइल आला. फोन एक फुटावर धरून काढलेल्या फोटोत नाक, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसते, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले. म्हणजे ज्या चेहऱ्याची लाज वाटते तो काही वेळा चेहराच नसतो, भिंगाची करामत असते.

शमुवेल संदेष्टा इशायच्या घरी गेला तेव्हा उंचापुऱ्या अलीयाबाला पाहून तो भुलला, आणि परमेश्वराने त्याला सांगितले की माणूस बाहेरचे पाहतो, परमेश्वर अंतःकरण पाहतो. हे वाचन आपण पुष्कळदा ऐकतो. त्याच अध्यायात थोडे पुढे, दावीद दिसायला देखणा होता, असेही लिहिले आहे. पवित्र शास्त्राला देखणेपणाचे वावडे नाही. निवड त्यावरून करू नये, एवढेच ते सांगते. ती चूक शमुवेलाची होती, आणि ती सुधारायला परमेश्वराने अलीयाबाचा चेहरा बदलला नाही.

मुलाच्या आईला आम्ही वेगळे विचारले. मुलगा सतरा वर्षांचा, त्याची हनुवटी त्याच्या आजोबांची. ‘उद्या याला मुलगी झाली आणि तिचीही हनुवटी अशीच निघाली, तर हा तिला काय सांगेल?’ बाई गप्प झाल्या. आमच्याकडेही तयार उत्तर नव्हते. इम्प्लांट हाडावर बसते, पण घराण्याचा चेहरा तसाच खाली उतरत राहतो, आणि या घरात तो चेहरा दोष ठरला हेही मुलांना कळते. निदान त्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावे आणि तो स्वतः काय म्हणतो ते ऐकावे, एवढे आम्ही सुचवले.

आमचे मत विचाराल तर असे आहे: मनावर खरोखर ओझे असेल, धोका समजून घेतला असेल, घरावर कर्ज चढत नसेल आणि प्रौढ माणसाने शांतपणे ठरवले असेल, तर या शस्त्रक्रियेला पाप म्हणायला आम्ही धजणार नाही. स्थळासाठी म्हणून कुणी करत असेल तर मात्र थांबवू, कारण जे घर हनुवटी पाहून नकार देते ते उद्या रंग पाहील, परवा उंची. पाप शोधायचेच असेल तर ते ऑपरेशनच्या टेबलावर शोधण्याआधी चहाच्या टेबलावर शोधावे. विवेक-परीक्षण करताना आपण चोरी, खोटे, राग हे सारे आठवतो. कुणाच्या चेहऱ्यावर केलेला शेरा आठवतो का? तो तर आपण विनोद म्हणून विसरूनही गेलेलो असतो.

त्या तरुणीने अखेर शस्त्रक्रिया करून घेतली. आपल्या ओळखीत असे कुणी असेल तर मिस्सानंतर तिला घेरून ‘काय गं, काय केलंस?’ असे विचारू नये, आणि ‘आता बरी दिसतेस’ असेही म्हणू नये. ज्यांनी अशी शस्त्रक्रिया करून घेतली आहे आणि ते पवित्र कम्युनियन घ्यायला कचरतात, त्यांनी निःशंक मनाने यावे. हनुवटीला सूज येत असेल, ओठ बधिर वाटत असेल, तर लाजेपोटी दुखणे लपवू नये. आधी डॉक्टरांकडे जावे.