डॉक्टरांची नाडी कोण बघणार?

१९४८ साली कुमार गंधर्व क्षयरोगानं आजारी होऊन देवासला राहायला आले. डॉक्टरांनी गाणं बंद म्हटलं आणि ऐन उमेदीतला गवई काही वर्षं गायला नाही. विश्रांती सांगायचा हा अधिकार आपण डॉक्टरांना बिनतक्रार दिलेला आहे. पण डॉक्टरच मनानं थकला, तर त्याला ‘जरा थांबा’ असं कुणी म्हणायचं?

आपण तर त्याला देवमाणूस म्हणतो. कौतुकच आहे ते. पण देव काही थकत नाही, देवाला रडू येत नाही. म्हणून तर त्याच्या जेवणाच्या वेळीही आपण खुशाल फोन लावतो.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाचा अहवाल २०२४ साली आला. पाहणीतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१.२ टक्के जणांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगितलं. आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नको, एक सुट्टी हवीच, अशी शिफारस त्यात आहे. मर्यादा घालूनही ७४ तास!

नाव खराब होईल या भीतीनं ही मुलं बोलत नाहीत. बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलात २००८ साली यासाठी एक केंद्र निघालं. उपचारात काही विपरीत घडलं की शिकवून तयार केलेला सहकारी डॉक्टर आपणहून त्या डॉक्टरला गाठतो. चौकशी करत नाही, ऐकून घेतो. गरज दिसली तर पुढच्या मदतीची वाट दाखवतो. आपणहून जायचं, कारण थकलेला माणूस हाक मारत नाही.

आपल्याला हे नवं वाटू नये. अंतरंग तपांतलं वैयावृत्त्य म्हणजे दुसरं काय? आजारी साधूची सेवा दुसरा साधू करतो. ती घेणाऱ्याचं तप त्यानं उणं होत नाही.

अर्थात, ऐकणारा मिळाला म्हणून रात्रपाळ्या वाढवायच्या असतील, तर ती नुसती मलमपट्टी. तास कमी व्हायलाच हवेत.

आपल्यापैकी कितीतरी घरांत लेक किंवा सून डॉक्टर आहे. हातून गेलेल्या पेशंटबद्दल ती घरी बोलेलच असं नाही; आपल्याला ते सगळं कळणारही नाही. दवाखान्यातून निघून ती तासभर बरोबरीच्या डॉक्टर मैत्रिणीकडे बसून आली, तर ‘उशीर का?’ म्हणून विचारू नये. तो तासही तिच्या कामातलाच धरावा.