वेदीवरचा गरुड

10 मार्च 1968 रोजी कॅलिफोर्नियातल्या डेलेनो गावच्या उद्यानात हजारो शेतमजूर मिस्सासाठी, म्हणजे कॅथलिक सामूहिक उपासनेसाठी, जमले होते. त्यांचे नेते सीझर चावेझ 25 दिवसांचा उपवास सोडणार होते. सोबतीला सिनेटर रॉबर्ट केनेडी आले होते. या मिस्साची वेदी डेन्व्हरच्या इमॅन्युएल मार्टिनेझ या विशीतल्या चिकानो (मेक्सिकन-अमेरिकन) चित्रकाराने घडवली होती. लाकडाच्या त्या रंगवलेल्या वेदीवर शेतमजूर संघटनेचा काळा गरुड आहे आणि तीन चेहऱ्यांचे मस्तकही: एक स्पॅनिश, एक मूळनिवासी, आणि मध्ये त्या दोघांपासून जन्मलेला मेस्तिसो. आज ती वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या कलासंग्रहालयात आहे. ईश्वरासमोर भाकर आणि द्राक्षारस ठेवायच्या जागी संपाचे निशाण रंगवावे का? माझ्या मते रंगवावे. अमेरिकेच्या 1935च्या कामगार कायद्याने संघटनेचा हक्क देताना शेतमजुरांना वगळले होते. डेलेनोच्या द्राक्षमळ्यांतला संप 1965च्या सप्टेंबरात फिलिपिनो मजुरांनी सुरू केला, काही दिवसांतच चावेझ यांची माणसे त्यात उतरली, आणि पुढच्या वर्षी पहिला मोठा विजय मिळाला तो शेनली या मद्यकंपनीविरुद्ध. म्हणजे जो द्राक्षारस कॅथलिक श्रद्धेत ख्रिस्ताचे रक्त होतो, त्याची द्राक्षे तोडणाऱ्या हातांना कायद्याने हक्कच दिलेला नव्हता. मार्टिनेझने वेदीवर राजकारण बाहेरून आणले नाही. तिथे येणाऱ्या अर्पणामागचे कष्ट आधीपासून तिथेच होते, त्याने ते दिसतील असे केले.

यावर एक आक्षेप फार गंभीर आहे. डेलेनोचे कितीतरी मळेमालकही कॅथलिकच होते. संघटनेचा गरुड मिरवणाऱ्या वेदीपुढे त्यांनी गुडघे कसे टेकावेत? सर्वांसाठी असलेल्या देवाला एका बाजूला उभे केल्यासारखे नाही का हे? पण तो उपवास मुळात मालकांविरुद्ध नव्हता. संप लांबला, संतापलेले मजूर हिंसेची भाषा करू लागले, तेव्हा आपल्याच माणसांना अहिंसेवर परत आणण्यासाठी चावेझ यांनी अन्न सोडले. ही वाट त्यांनी गांधींकडून घेतली होती. 1918 साली अहमदाबादच्या गिरणी संपात मजूर डगमगले तेव्हा गांधींनीही असाच उपवास केला होता, आणि त्याचा दबाव मालकांवरही पडला हा त्यातला दोष त्यांनी स्वतः कबूल केला होता. चावेझ यांच्या उपवासालाही तो दोष चिकटतो, हे मला नाकारता येत नाही. तरीही त्या दिवशी गरुड वेदीवर होता तो विजयाचा झेंडा म्हणून नव्हे; ज्यांचे आत्मपरीक्षण चालले होते त्यांची ती खूण होती. मालकाला तिथून कोणी हाकलले नव्हते. फक्त मजुराने आपले नाव पुसून यावे, अशी अट तिथे नव्हती.

उलट बाजूने संघटनेतलेच काही कार्यकर्ते या धार्मिकतेवर नाराज होते. हक्काच्या लढ्याला पाद्री आणि प्रार्थना कशाला, असे त्यांना वाटे. पण 1966 साली डेलेनोहून सॅक्रामेंटोला निघालेल्या पदयात्रेत मजुरांनी ग्वादालुपेच्या मातेची, म्हणजे मेक्सिकन रूपातल्या मेरीची, पताका पुढे धरली, ती काही कोणाच्या हुकमावरून नाही. मेक्सिकन माणसाच्या घरात ही सावळी माता शतकानुशतके आहे. तिला वगळून त्याचा विवेक घडवायचा म्हटले तर तो कोणाचा विवेक उरेल?

म्हणून कोणत्याही वेदीवर कोणतेही निशाण चालेल, असे मात्र मी म्हणत नाही. ज्यांचे निशाण आहे त्यांनी त्या वेदीपुढे स्वतःची झडती द्यायला तयार असले पाहिजे. 1970च्या दशकाच्या अखेरीस याच संघटनेत, चावेझ यांच्याच नेतृत्वाखाली, जुन्या निष्ठावंतांना संशयावरून बाहेर काढले गेले. बाहेर काढलेल्या त्या माणसांना संघटनेला जाब विचारायचा झाला असता, तर मार्टिनेझच्या वेदीएवढा भक्कम आधार त्यांना दुसरीकडे शोधावा लागला नसता.